वहीत न मांडलेली तारीख

लातूरच्या मार्केट यार्डात तीन पिढ्यांची आडत चालवणाऱ्या शेठजींना वैशाखातल्या एका रात्री दोनच्या सुमारास जाग आली, ती डाव्या कुशीतल्या कळेने. आधी वाटले, वायू धरला असेल. कूस बदलून पाहिली, उठून बसले, गॅलरीत येरझाऱ्या घातल्या. परंतु कोणत्याही स्थितीत चैन पडेना. कळ बरगडीखालून निघून जांघेपर्यंत उतरत होती आणि दर दहा मिनिटांनी लघवीची भावना होत असूनही चार थेंबांपलीकडे काही होत नव्हते. त्यांच्या पत्नीने कपाटातून दुखण्याची गोळी काढली, पेल्यात पाणी ओतले. शेठजींनी पेला हातानेच दूर सारला.

"सूर्य उगवू दे. नवकारसी झाली की घेतो."

एकोणीस वर्षांचा चौविहार होता. वडील गेले त्या दिवशी, त्यांच्याच पाटाशेजारी बसून घेतलेला. या एकोणीस वर्षांत प्रवासात, लग्नकार्यात, हंगामाच्या धांदलीत, कधीही सूर्यास्तानंतर पाण्याचा घोट त्यांच्या तोंडात गेला नव्हता. पत्नीने आग्रह केला नाही. ती स्वतःही त्याच नियमात होती. परंतु पाच वाजता उलट्या सुरू झाल्या, अंग घामाने भिजले आणि थोरल्या मुलाने काही न विचारता गाडी दाराशी आणली.

रुग्णालयात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होते. शेठजींनी कण्हत कण्हत आपला नियम सांगितला, तेव्हा ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "शेठजी, इंजेक्शनला पाणी लागत नाही." अर्ध्या तासात कळ ओसरली. घरी या वाक्याची आठवण अजूनही निघते.

अशी कळ ज्याने सोसली आहे त्याला तिचे वर्णन सांगावे लागत नाही, आणि ज्याने सोसली नाही त्याला ते सांगून समजत नाही. समजूत अशी असते की खडा टोचतो म्हणून दुखते. वस्तुतः खडा वाट अडवतो, वरून येणारी लघवी तुंबते, नळी व मूत्रपिंड ताणले जातात आणि नळी तो खडा पुढे रेटण्यासाठी पुनःपुन्हा आकुंचन पावते. वेदना मुख्यतः त्या ताणाची असते. म्हणून ती लाटांनी येते. डायक्लोफेनॅकसारखे औषध या दुखण्यावर पुष्कळदा अफूजन्य औषधांइतकेच चांगले लागू पडते. मात्र ज्यांचे मूत्रपिंड आधीच अशक्त आहे किंवा ज्यांना जठरव्रण आहे, त्यांना ते जपून द्यावे लागते. घरातली गोळी शेजाऱ्याला देण्याची आपली सवय या एका कारणासाठी तरी सोडलेली बरी.

सकाळी सोनोग्राफी झाली. डावे मूत्रपिंड थोडे सुजलेले दिसले, परंतु खडा दिसेना. मूत्रवाहिनीचा मधला व खालचा भाग आतड्यांच्या मागे दडलेला असल्याने असे पुष्कळदा होते. मग रंगद्रव्य न देता केलेला सीटी स्कॅन झाला आणि त्यात खडा सापडला: सात मिलीमीटरचा, डाव्या मूत्रवाहिनीच्या अगदी तळाशी, ती मूत्राशयात शिरते त्या तोंडावर.

दुपारी मूत्रविकारतज्ज्ञ आले. वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे पेनने आकृती काढली. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची ही नळी साधारण 25 सेंटीमीटर लांब, आणि आतून जेमतेम तीन ते चार मिलीमीटर रुंद. तीत तीन जागा मुळातच अरुंद: मूत्रपिंडातून निघते तिथे, कमरेच्या हाडाजवळ मोठ्या रक्तवाहिन्यांवरून ओलांडते तिथे, आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरते तिथे. शेवटची सर्वांत अरुंद. शेठजींचा खडा दोन नाकी ओलांडून तिसऱ्या नाक्यावर अडकला होता. मूत्राशयाला तो आतून चाळवत होता, म्हणूनच लघवीची ती खोटी घाई.

"मग आता भाव काय?" शेठजींनी विचारले. त्यांच्या तोंडी हा शब्द खर्चासाठी नव्हता. निघण्याची शक्यता किती, एवढेच त्यांना विचारायचे होते.

डॉक्टरांनी सरळ सांगितले. पाच मिलीमीटरपर्यंतचे खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. पाच ते दहाच्या दरम्यानचे साधारण निम्मे. दहाच्या वरचे क्वचितच. खडा जितका खाली, तितकी आशा अधिक. तेव्हा थांबून पाहणे हा आळस नव्हे, तो उपचाराचाच एक मार्ग आहे. मात्र त्याला मुदत हवी. चार आठवडे, फार तर सहा. त्यापलीकडे तुंबलेले मूत्रपिंड हळूहळू खराब होऊ लागते, आणि दुर्दैव असे की ते खराब होताना दुखत नाही. सोबत टॅमस्युलोसिन नावाची गोळी रात्री एक. ही मुळात पुरुषांच्या प्रोस्टेटवरची. नळीच्या खालच्या भागातील स्नायू ती सैल करते. तिचा उपयोग किती याविषयी वैद्यकीय अभ्यासांमध्ये एकमत नाही. लहान खड्यांना ती बहुधा अनावश्यक, परंतु पाच मिलीमीटरहून मोठ्या, तळाशी अडकलेल्या खड्याला ती साह्य करते असे पुष्कळ तज्ज्ञ मानतात. चक्कर येऊ शकते, म्हणून उठताना सावकाश उठायचे.

आणि मग ते थांबून म्हणाले, "एक गोष्ट कागदावर लिहून घ्या. थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी यायचे." तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर तो काही तासांत रक्तात पसरून जिवावर बेततो. त्या वेळी खडा काढण्याचा विचारही करीत नाहीत. आधी आत नळी घालून किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी सोडून तुंबारा मोकळा करतात, खडा नंतर. लघवी पूर्ण बंद होणे आणि औषधानेही न थांबणारी उलटी-वेदना, हीदेखील तशीच कारणे. ज्यांना एकच मूत्रपिंड आहे त्यांनी तर थांबून पाहण्याचा विचार करूच नये.

घरी परतल्यावर सल्ल्यांची रीघ लागली. थोरल्या काकींनी कुळथाचे कढण पाठवले, कोणी पाषाणभेदाचे चूर्ण आणून दिले, यार्डातल्या एका मापाड्याने अत्यंत गांभीर्याने बिअर सुचवली आणि मग कोणाशी बोलतो आहोत हे ध्यानात येऊन जीभ चावली. कुळथाचे कढण वाईट नाही. पातळ आहे, पोटात पाणी जाते. परंतु सात मिलीमीटरचा खडा त्याने विरघळतो असे मानणे म्हणजे दगडी उखळ ताकात भिजवून मऊ होण्याची वाट पाहणे. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे कोणत्याही पेयाने विरघळत नाहीत. औषधाने विरघळू शकतात ते युरिक आम्लाचे खडे, आणि तेही तपासणी करूनच.

खरा पेच पाण्याचा होता. दिवसभरात निदान दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी प्यायला हवे, आणि वैशाखात लातूरच्या उन्हात बसणाऱ्या माणसाचे अर्धे पाणी घामावाटेच जाते. त्यात सायंकाळी साडेसहा-सातपासून दुसऱ्या दिवशीच्या नवकारसीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटांपर्यंत, कोरडे तोंड. रात्रीची लघवी घट्ट होते आणि घट्ट लघवीतच क्षार जमतात. डॉक्टरांनी हे सांगताना धर्माचा शब्दही काढला नव्हता, फक्त विचारले होते, "शेवटचे पाणी किती वाजता?" उत्तर ऐकून त्यांनी ते कागदावर लिहिले आणि खाली रेघ ओढली.

गावात विराजमान असलेल्या साध्वीजींकडे पत्नीच शेठजींना घेऊन गेल्या. साध्वीजींनी सगळे ऐकून घेतले. पच्चक्खाणातच समाधीसाठी आगार ठेवलेला आहे, तो ठेवणाऱ्यांनी काही विचार केला असेल ना, असे त्यांनी विचारले, आणि उपचार चालू असेपर्यंत चौविहाराऐवजी तिविहार करण्यास सुचवले. आहार नाही, परंतु पाणी चालेल. शेठजींनी मान डोलावली. घरी येताना गाडीत ते एवढेच म्हणाले, "बापूजींना शब्द दिला होता." त्या रात्री नऊ वाजता उकळून गार केलेल्या पाण्याचा पेला त्यांनी हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. सून दाराआडून पाहत होती. तिने नंतर सांगितले की ते प्यायले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.

दहाव्या दिवशी दुखणे थांबले. लघवी गाळण्यासाठी वेगळी ठेवलेली गाळणी रिकामीच होती, पण शेठजींनी निकाल दिला, "पडला असेल, कळला नसेल." इथे पुष्कळांची फसगत होते. दुखणे थांबले म्हणजे खडा पडला असे नाही. नळी ताणाला सरावते, मूत्रपिंड लघवी कमी बनवू लागते, आणि कळ थांबते. पत्नीने धरणे धरले म्हणून चौथ्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. खडा होता तिथेच होता. मूत्रपिंडाची सूज वाढली होती.

आता दोन मार्ग होते. पहिला, बाहेरून ध्वनिलहरींचे आघात करून खडा फोडण्याचा. ही युक्ती विमाने बनवणाऱ्या डॉर्नियर या जर्मन कंपनीच्या आघातलहरींवरील संशोधनातून निघाली आणि 1980 साली म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णावर वापरली गेली. त्यापूर्वी अडकलेल्या मोठ्या खड्याला बहुधा पोटावर छेद घेण्यावाचून गत्यंतर नसे. शेठजींच्या थोरल्या भावाच्या पोटावर तो वीतभर व्रण आजही आहे, आणि चर्चेच्या वेळी त्यांनी सदरा वर करून तो सर्वांना दाखवलाच. (सुश्रुतसंहितेत अश्मरीच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे, हे घरातल्या कोणीतरी सांगितले. खरे आहे, परंतु ते मूत्राशयातील खड्याविषयी आहे, या बारीक नळीविषयी नव्हे.) ध्वनिलहरींत शरीरात काही घालावे लागत नाही, हे शेठजींना पसंत पडले होते. परंतु तळाच्या खड्यापुढे कमरेची हाडे आड येतात, रुग्णाला बहुधा पालथे झोपवावे लागते, एकाहून अधिक वेळा करावे लागू शकते, आणि फुटलेले तुकडे शेवटी आपले आपणच पडावे लागतात. गर्भवतीला आणि रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांना तो मार्ग बंद.

दुसरा मार्ग दुर्बिणीचा. लघवीच्याच वाटेने बारीक दुर्बीण मूत्राशयात, तिथून मूत्रवाहिनीत, आणि समोर दिसणाऱ्या खड्यावर लेसर. कुठेही छेद नाही. तळाच्या खड्यासाठी हा मार्ग एकाच बैठकीत काम उरकण्याच्या दृष्टीने अधिक खात्रीचा. धोके यातही आहेत: नळीला इजा, संसर्ग, खडा वर निसटणे, कधी नळी इतकी अरुंद असते की दुर्बीण शिरत नाही, मग केवळ स्टेंट घालून दोनेक आठवड्यांनी पुन्हा यावे लागते. शेठजींनी दोन्ही बाजू तराजूत घातल्या आणि दुर्बीण निवडली. जूनच्या पहिल्या आठवड्यात कमरेत भूल देऊन तीन पाव तासांत काम झाले. दुसऱ्या दिवशी घरी.

गोष्ट इथे संपली असती तर ती लिहिण्याजोगी नव्हती.

नळीला सूज होती म्हणून आत डीजे स्टेंट ठेवला होता. ही मऊ, पोकळ नळी. दोन्ही टोके आकड्यासारखी वळलेली, एक मूत्रपिंडात, एक मूत्राशयात, जेणेकरून ती सरकू नये. प्रत्येकालाच ती लागते असे नाही. सरळ झालेल्या शस्त्रक्रियेनंतर ती टाळताही येते. पण ठेवली तर काढावी लागते. घरी सोडताना एका कनिष्ठ डॉक्टरांनी इंग्रजी कार्ड भरभर वाचून दाखवले, औषधांच्या वेळा समजावल्या, आणि शेवटच्या ओळीवर, जिथे चार आठवड्यांनी स्टेंट काढण्याविषयी लिहिले होते, बोट ठेवून "हे लक्षात ठेवा" म्हणाले. कार्ड दुकानाच्या गल्ल्यात, पावतीपुस्तकाखाली गेले. फोनसाठी दिलेला क्रमांक मुलाचा होता, आणि मुलाने त्याच महिन्यात तो बदलला.

पहिले काही दिवस शेठजींना त्रास झाला. सारखी लघवीची घाई, लघवी करताना पाठीत चमक, पायऱ्या चढल्यावर लघवीला तांबूस छटा. ही स्टेंटची नेहमीची लक्षणे आहेत. त्यांना वाटले, शस्त्रक्रियेचा शीण आहे, जाईल. आणि ती कमी झालीही. मग आषाढ आला. साध्वीजींचा चातुर्मास प्रवेश, उपाश्रयाच्या व्यवस्थेची जबाबदारी शेठजींवर. आपण बरे झालो असे मानून त्यांनी कोणाला न विचारता चौविहार पुन्हा सुरू केला. पर्युषणात अठ्ठाई केली. तिथीला हिरवी भाजी बंद, म्हणून ताटात पापड, मेथीदाणे, खाखरा, लोणचे. सगळे मिठाचे, सगळे कोरडे. पर्युषण उलटते न उलटते तोच सोयाबीनची आवक सुरू झाली, मग दिवाळी, मग चोपडापूजन.

या घरात मुदत विसरत नाहीत. कोणाची उधारी कोणत्या तिथीला फिटायची, कोणती हुंडी कधी पटवायची, हे मुनीमजींच्या वहीत असते, आणि शेठजींना ते वही न उघडता आठवते. शरीरात ठेवलेल्या त्या नळीची मुदत मात्र कोणत्याही वहीत मांडली गेली नव्हती.

डिसेंबरात लघवीतून रक्त आले, पाठोपाठ ताप. क्ष-किरणाच्या चित्रात स्टेंट पांढरा दिसत होता. वरच्या आकड्यावर क्षारांची पुटे, आणि मूत्राशयातल्या आकड्याभोवती सुपारीएवढा खडा. अशी नळी ओढून काढता येत नाही. ओढली तर ती तुटते किंवा मूत्रवाहिनीच फाटते. वेळेवर काढली असती तर जेली लावून, पाच-दहा मिनिटांत, बसल्या जागी निघाली असती. आता तिच्यासाठी पुण्याला जावे लागले. आधी संसर्गावर औषधे, मग खालचा खडा लेसरने, वरचा बाहेरून ध्वनिलहरींनी, दहा दिवसांनी पुन्हा दुर्बीण, आणि मग कुठे ती नळी बाहेर आली. एका खड्याच्या उपचारात जितका वेळ गेला नव्हता त्याच्या तिप्पट तिच्यात गेला. तीन महिन्यांनी केलेल्या रेणुस्कॅनमध्ये डाव्या मूत्रपिंडाचा कामातला वाटा शंभरात 38 आला. तो निम्म्याच्या आसपास असायला हवा. तो परत निम्म्यावर येईल असे डॉक्टरांनी म्हटले नाही.

खड्याचे तुकडे तपासले. कॅल्शियम ऑक्झलेट, सर्वांत अधिक आढळणारा प्रकार. शेठजींनी लगेच दूध सोडण्याची तयारी केली होती, पण डॉक्टरांनी ते अडवले. आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून बाहेर नेते. दूध-दही तोडले तर उलट ऑक्झलेट अधिक शोषले जाते. तोडायचे ते मीठ. बदाम-काजू मूठमूठभर नकोत. लिंबूपाणी चांगले, त्यातले सायट्रेट खडा जमू देत नाही. टोमॅटोच्या बियांना मात्र आपल्या घरांतून उगीच दोष दिला जातो.

चौविहाराविषयी त्यांना कोणी काही सांगितले नाही. पुण्याहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पत्नीला हाक मारून सांगितले की आता कायमचा तिविहार. पत्नीचा चौविहार चालूच आहे. रोज रात्री त्या स्वतः न पिणारे पाणी उकळून, गाळून, गार करून त्यांच्या उशाशी ठेवतात.

मागच्या माघात थोरल्या भावाच्या जावयाला खड्यासाठी स्टेंट घातला. शेठजी भेटायला गेले, ते पिशवीत मुनीमजींची मुदतीची वही घेऊनच. कार्ड मागून घेतले, तारीख दोनदा वाचली आणि स्वतःच्या हाताने नोंद केली: "जावईबापूंची नळी, मुदत फाल्गुन शुद्ध सप्तमी." त्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन गेला. संध्याकाळी नळी निघाल्याचे कळल्यावर त्यांनी वही उघडली, नोंदीवर आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिले, "वसूल."